आधी फेरी, मग मोटर : कंट्रोल लाइन विमान विजेवर नेताना

१० नोव्हेंबर २०२४

विमान मिळालं. काकांचं जुनं प्रोफाइल मॉडेल, म्हणजे पोकळ धड नसलेलं, एका जाड बालसा फळीवरच पंख आणि शेपूट बसवलेलं. पंखांची लांबी १.१ मीटर, चार सीसीच्या ग्लो इंजिनासाठी, म्हणजे मेथनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनासाठी बांधलेलं. "विमान घेऊन जा, इंजिन मी देत नाही," एवढीच अट. काका नागपुरातल्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. तरुणपणी एनसीसीच्या एअर विंगमधल्या पोरांना कंट्रोल लाइन उडवायला शिकवायचे. तेव्हा दीड आणि अडीच सीसीची डिझेल इंजिनं होती, इंधन ईथर, केरोसीन आणि एरंडेलाचं. आज ईथर मागायला गेलं तर दुकानदार आधी चेहरा पाहतो. शिवाय बेसाच्या ज्या मोकळ्या ले-आउटवर उडवायचं आहे, तिथे आता लोक राहायला आलेत. सकाळी साडेसहाला इंजिन किंचाळलं की दुसऱ्या दिवशी मैदान बंद. म्हणून वीज.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: यात रेडिओ नसतो. हातातल्या हँडलपासून दोन पोलादी तारा डाव्या पंखातून आत जातात, तिथे बेलक्रँक, म्हणजे मध्यावर डुलणारी पट्टी, त्याला पुशरॉड, त्याला एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वर-खाली हलणारी फळी. मनगट वाकवलं की विमान वर किंवा खाली जातं. उडवणारा मध्ये उभा राहून विमानाबरोबर फिरत राहतो. थ्रॉटल हातात नाही. मोटर किती वेगाने आणि किती वेळ फिरणार, हे सगळं विमान सोडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. रेडिओच्या विमानात मोटर थोडी जास्त ताकदीची घेतली तर बोटाने आवरता येते, इथे ती सोय नाही.

१२ नोव्हेंबर

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मोदी नंबर ३ च्या गल्ल्यांमधून फिरलो. ड्रोनचं सामान आता सहज मिळतं. दुकानातल्या पोराचा पहिला प्रश्न: "भाऊ, किती केव्हीची देऊ?" केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे फिरते तो आकडा. त्याच्याकडे १००० केव्हीची छोटी मोटर होती, १४०० होती, २२०० पण होती. काकांना सांगितलं तर म्हणाले, "दुकानातून उलटं सुरू करतात सगळे. तू आधी सांग, फेरी किती सेकंदाची पाहिजे?"

मोटर न घेता परत आलो. पुढची सगळी निवड या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो: आधी फेरीचा वेळ, त्यातून वेग, वेगातून पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे), आरपीएमला लागणारे वॉट, आणि शेवटी बॅटरीत सेल किती आणि केव्ही किती.

१६ नोव्हेंबर

आकडेमोड. तारा १६ मीटर, हाताची लांबी धरून त्रिज्या १६.५ मीटर. परीघ १०३.७ मीटर. लूप, आडवं आठ, उलटं उडणं, हे सगळं करायचं तर या लांबीला फेरी साधारण पाच सेकंदांची हवी. याहून जलद असेल तर मनगट मागे पडतं, आणि साडेपाचच्या वर गेली की तारा ढिल्या वाटायला लागतात. पाच सेकंद म्हणजे २०.७ मीटर प्रतिसेकंद, ताशी जवळपास ७५ किलोमीटर.

विमान ९५० ग्रॅमचं होईल असं धरलं आहे. या वेगाला तारांवर ताण येतो सुमारे २.५ किलोचा. सरळ उडताना हे भरपूर आहे. खरा प्रश्न डोक्यावरचा. विमान बरोबर डोक्यावर असताना त्याचं वजन तारांच्या दिशेने खाली येतं, म्हणजे ताणातून वजा होतं. ताण शून्यावर येऊ नये यासाठी तिथे निदान १२.७ मीटर प्रतिसेकंद वेग पाहिजे. खालून २०.७ ने निघालेलं विमान नुसत्या झोकावर वर गेलं, आणि हवेचा विरोध धरलाच नाही, तरी वर पोचेपर्यंत वेग दहाच्या आसपास उरतो. उरलेला वेग मोटरने द्यायचा. तो दिला नाही तर तारा सैल, आणि तारा सैल म्हणजे एलेव्हेटर हातात नाही.

आता पंखा. या कामाला फेरीचा वेग आणि पंख्याचा कागदावरचा वेग, म्हणजे पिच गुणिले फेरे, जवळजवळ सारखा येतो. ऐकायला विचित्र वाटतं, कारण थोडी घसर तर होणारच. पण पात्यांना बाक असल्यामुळे त्यांची खरी पिच छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त असते, आणि ही जास्तीची पिच घसर भरून काढते. ५ इंच पिच घेतली तर एका फेऱ्यात ०.१२७ मीटर. २०.७ ला भागलं तर सेकंदाला १६३ फेरे, म्हणजे सुमारे ९८०० आरपीएम. व्यास १० इंच, कारण चाकांची उंची तेवढीच परवानगी देते.

कागदावर १०×५ आणि ९८००. बाकी सगळं याच्या मागे येईल.

२३ नोव्हेंबर

आज फक्त पंखा. बर्डीच्या दुकानात ड्रोनच्या १०×४.५ पंख्यांची जोडी वडापावच्या भावात मिळते, एक सुलटा आणि एक उलटा. उलटा पंखा मला हवाच आहे, कारण पुढे लिहितो. पण ही जोडी घेतली नाही आणि कोणी घेऊही नये. ही पाती स्लो फ्लायर घाटाची, पातळ आणि रुंद. एपीसी ही कंपनी आपल्या स्लो फ्लायर पंख्यांना मर्यादा देते ६५,००० भागिले इंचातला व्यास, म्हणजे १० इंचाला ६५०० आरपीएम. मला फिरवायचा आहे ९८०० ला. ड्रोनवर तो पंखा निवांत फिरतो, पण माझ्या विमानावर फुटला तर पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि विमान सोडणारा माणूस त्याच्या अगदी जवळ बसलेला असतो. त्याच कंपनीच्या थिन इलेक्ट्रिक पंख्यांना मर्यादा १,५०,००० भागिले व्यास, म्हणजे १५,०००. तो मागवायचा.

उलटा का: विमान वरून पाहिलं तर घड्याळाच्या विरुद्ध फिरतं, डावा पंख उडवणाऱ्याकडे. सुलटा पंखा मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे त्याचा प्रतिघात विमानाला डावीकडे, म्हणजे आपल्याच अंगावर कलवतो. उड्डाणाच्या पहिल्या क्षणी वेग कमी असतो, तारांना ताण नसतो, आणि नेमकं तेव्हाच हे होतं. उलट्या पंख्याने तोच प्रतिघात विमानाला बाहेर कलवतो आणि तारा ताणल्या जातात. ग्लो इंजिनवाल्यांना यासाठी वेगळा क्रँकशाफ्ट शोधावा लागायचा. विजेच्या मोटरीत तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. काकांना हे ऐकून थोडं वाईटच वाटलं. "एवढं सोपं?" म्हणाले.

हा उलटा पंखा (दुकानात त्याला पुशर म्हणतात) लावताना एक लक्षात ठेवायचं: पात्यावरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेलाच हवीत.

१ डिसेंबर

वॉट आणि व्होल्ट. १०×५ पंखा ९८०० ला जमिनीवर सुमारे २३० वॉट शाफ्टवर मागतो. मोटर आणि ईएससीची (बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या वेग-नियंत्रकाची) गळती धरून बॅटरीतून निघणार २९० ते ३००. उडताना पंख्यावरचा भार कमी होतो, कारण हवा आधीच समोरून येत असते. तरी चढ, वळणं धरून सरासरी २४० वॉट मानले. चाक हलल्यापासून थांबेपर्यंत सव्वापाच मिनिटं, म्हणजे २१ वॉट-तास. लिपोतून (लिथियम-पॉलिमर बॅटरीतून) ८० टक्क्यांपेक्षा जास्त काढायचं नाही, तेव्हा पॅक २६ वॉट-तासांचा हवा. ४ सेल १८०० एमएएच बरोबर २६.६ चा. ३ सेल २२०० एमएएच २४.४ चा, म्हणजे काठावर.

पण ३ सेल बाद व्हायचं खरं कारण वेगळं. उड्डाणाच्या शेवटच्या मिनिटाला, ताणाखाली, एका सेलमध्ये ३.५ व्होल्ट धरायचे. केव्ही निवडताना पूर्ण चार्जचे ४.२ धरायचे नाहीत. पूर्ण चार्जवर सगळ्याच मोटरी शहाण्या वाटतात. ४ सेलला शेवटी १४ व्होल्ट उरतात. जोराच्या वळणात २२ अँपिअर गेले तर मोटर आणि ईएससीच्या रोधात जवळपास १.८ व्होल्ट जातात. उरले १२.२. त्यावर ९८०० पाहिजे, आणि वर दहा टक्के शिल्लक पाहिजे. उत्तर येतं ९०० केव्हीच्या आसपास. ३ सेलवर हेच गणित १२५० केव्हीपर्यंत नेतं आणि तेवढेच वॉट द्यायला अँपिअर तिसऱ्या हिश्शाने वाढतात. वायरी गरम करण्यात मला रस नाही.

ही दहा टक्के शिल्लक कशासाठी, ते ईएससीच्या नोंदीत.

८ डिसेंबर

३५३६ मापाची, ९१० केव्ही लिहिलेली आउटरनर, म्हणजे बाहेरची डबी फिरणारी मोटर आली. वजन १०० ग्रॅमच्या थोडं वर. पेटीवरचा केव्ही मोजल्याशिवाय मानायचा नाही, हा काकांचा कारखान्यातला हट्ट. त्यांच्या ड्रिल मशीनमध्ये मोटरचा शाफ्ट पकडला, बाहेरचं माउंट हाताने घट्ट धरलं आणि दोन वायरींमधला एसी व्होल्टेज मोजला. टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे मोजायच्या यंत्रावर १२८० आरपीएम, मीटरवर १.०२ व्होल्ट. एसी आकड्याला १.४१४ ने गुणायचं आणि आरपीएमला त्याने भागायचं: ८८७. म्हणजे ८९० धरा. पेटीपेक्षा थोडी कमी, पण शिल्लक अजून बसते: १२.२ गुणिले ८९० म्हणजे १०,८५०.

टॅकोमीटरवर तरी विश्वास का ठेवायचा? त्याची परीक्षा अंगणातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांच्या सेटिंगवर ठेवलेला टॅको ट्यूबकडे रोखला की बरोबर ३००० दाखवायला हवा. दाखवला. एलईडी ट्यूबवर हे चालेलच असं नाही.

१५ डिसेंबर

ईएससी. यावरच लोक पैसे वाचवतात आणि मग विमान 'शेवटी शेवटी मरतं' असं म्हणतात.

साधा ईएससी म्हणजे ठरावीक टक्के थ्रॉटल. बॅटरी भरलेली असताना फेरी ४.८ सेकंदांची, शेवटी साडेपाचची. मनगटाला एकच ताल सापडत नाही. हवा आहे गव्हर्नर, जो मुळात हेलिकॉप्टरवाल्यांसाठी असतो: आपण आरपीएम ठरवायचा, तो राखण्यासाठी थ्रॉटल किती वाढवायचा हे ईएससीने पाहायचं. ईएससी मोटरीचे विद्युत फेरे मोजतो. माझ्या मोटरीत १४ चुंबकं, म्हणजे सात जोड्या, म्हणून दर फेऱ्याला सात.

गव्हर्नरची खरी कमाल चढात दिसते. विमान वर जाताना वेग घटतो, समोरून येणारी हवा कमी होते, पात्यांचा हवेतला कोन वाढतो आणि तोच पंखा त्याच आरपीएमला जास्त ओढतो. पण जास्त ओढायला जास्त वॉट लागतात. साध्या ईएससीत इथे आरपीएम पडतो. गव्हर्नर मात्र थ्रॉटल वाढवून आरपीएम धरून ठेवतो, जसं बर्डीच्या पुलावर स्कूटर चढवताना आपली मूठ आपोआप पिळली जाते. वरची दहा टक्के शिल्लक नेमकी इथे खर्च होते. ती नसेल तर गव्हर्नर आधीच शंभर टक्क्यांवर असतो आणि त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही.

४० अँपिअरचा घेतला. लागणार २० ते २२, पण गव्हर्नर चालवताना ईएससी गरम राहतो आणि नागपूरचा मे समोर आहे. बॅटरीकडच्या वायरी लांब करायच्या नाहीत, त्याने ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. लांबवायच्याच असतील तर मोटरकडच्या लांबवा.

२२ डिसेंबर

टायमर. तयार टायमर बाहेरून मागवता येतात. मी अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड वापरला, कारण काम सर्व्होसारखा सिग्नल देण्यापलीकडे काही नाही: सेकंदाला ५० ठोके, प्रत्येक ठोका १ ते २ मिलिसेकंदांचा. बटण दाबलं की ३० सेकंद काही नाही, फक्त एलईडी. तेवढ्यात मधोमध चालत जाऊन हँडल हातात घ्यायचं. मग तीन सेकंदांत हळूहळू वेग, मग पाच मिनिटं. शेवटच्या दहा सेकंदांपूर्वी अर्धा सेकंद आरपीएम खाली, म्हणजे 'आता सरळ उडव' असा इशारा. मग बंद. चालू असताना तेच बटण पुन्हा दाबलं तर ताबडतोब बंद, ही सोय मदतनिसासाठी. सिग्नल तुटला तर ईएससी स्वतः मोटर थांबवतो, हे टेबलावर पंखा काढून तपासलं.

बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये बाहेरून दिसणारा आर्मिंग प्लग ठेवला आहे, तो काढला की वीज तुटते. तो लावल्याशिवाय विमानाला कोणीही हात लावू शकतो, लावल्यावर फक्त सोडणारा.

वॉटमीटर लावून: १६.१ व्होल्ट, १८ अँपिअर, २९० वॉट, ९८०० आरपीएम. कागदाशी जुळलं.

२८ डिसेंबर

वजनाचा हिशेब. धड आणि पंख ५२०, मोटर माउंटसकट १२०, ईएससी ४०, बॅटरी २००, पंखा, अडॅप्टर, स्पिनर ४०, टायमर आणि वायरी २५. एकूण ९४५.

ग्लो इंजिनापेक्षा मोटर हलकी, म्हणून बॅटरी जितकी पुढे जाईल तितकी नेली, धडाच्या बाहेरच्या बाजूला. त्यामुळे उजव्या पंखाच्या टोकातलं शिसं थोडं कमी करता आलं. इंधनाची टाकी रिकामी होताना नाक हलकं व्हायचं, ते आता होणार नाही. पहिल्या फेरीला जो तोल, तोच शेवटच्या.

ओढ-चाचणी वजनाच्या दहापट, साडेनऊ किलो. हँडल झाडाला, विमानाच्या बाजूला रद्दीवाल्याचा स्प्रिंग काटा. बेलक्रँक, लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा), ०.३८ मिलिमीटरची तार, सगळं टिकलं.

५ जानेवारी २०२५

पहिलं उड्डाण. सकाळी सात, थंडी चांगलीच. पॅक स्वेटरच्या आत ठेवून नेला. थंड लिपोचा रोध वाढतो आणि सुरुवातीलाच व्होल्ट बसतात. काका मध्ये, मी सोडायला.

आवाज असा काही नाहीच, हवा कापल्याचा फक्त. दहा फेऱ्या मोजल्या: ५३ सेकंद. ५.३ ची फेरी. काका उतरल्यावर म्हणाले, "खाली मस्त आहे. वर थोडी सुस्त वाटते." ९८०० चे १०,१०० केले. दहा फेऱ्या ५१ सेकंद. आता लूप, उलटं, डोक्यावरून पार, सगळं झालं. हँडल त्यांनी मला दिलं नाही.

परत भरताना पॅकने १४८० एमएएच घेतले. १८०० चे ८२ टक्के. थोडं जास्त. टायमर १५ सेकंदांनी कमी केला.

१२ जानेवारी

उडवलं नाही. संक्रांत जवळ, सगळं आकाश पतंगांनी भरलेलं आणि ले-आउटवर जिकडे तिकडे मांजा, त्यात बंदी असलेला नायलॉनचाही. आउटरनरची बाहेरची डबी फिरते. मांजा तिच्या फटीत गेला की आत शाफ्टभोवती गुंडाळतो. आणि आपल्या तारांत पतंग अडकला तर वेगळंच. महिनाअखेरपर्यंत मैदान बंद, त्यानंतरही आधी झाडूने वेचणी.

वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून लांब, हे तर कायमचंच. आपल्या तारा पोलादाच्या आहेत.

११ मे

उन्हाळ्याची पहिली खरी चाचणी. सकाळी सातला ३२ अंश. हवा जानेवारीपेक्षा सहा-सात टक्के विरळ. माझा अंदाज होता की फेरी बदलेल. बदलली नाही: ५.१. विचार केल्यावर पटतं. विरळ हवेत पंख्याची ओढ कमी होते, पण विमानाचा आणि तारांचा विरोधही तितकाच कमी होतो. आरपीएम तोच असेल तर वेग तोच. बदलतात ते वॉट. टायमर पुन्हा जानेवारीइतकाच ठेवून उडवलं तर पॅकने १४८० ऐवजी १३८० घेतले. साध्या ईएससीवर हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं, कारण भार हलका झाला की आरपीएम स्वतःच चढला असता.

तारांबद्दल एक: विरोधाचा मोठा वाटा विमानाजवळच्या टोकाचा, कारण हँडलजवळची तार जवळजवळ हलतच नाही. पूर्ण लांबी पूर्ण वेगाने ओढल्यावर जेवढा विरोध होईल, त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा भार विमानावर येतो. तरी माझ्या हिशेबाने दोन तारांचा मिळून ८० ग्रॅमच्या आसपास जातो. जाड तार लावायचा मोह म्हणून टाळला.

मोटरला हात लावता येत होता, ईएससीला लावता आला पण ठेवता आला नाही. त्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण हवेच्या बाजूने कापून उष्णतावाहक पत्रा उघडा केला.

१८ मे

नऊनंतर उडवणं बंद. पॅक स्कूटरच्या डिकीत ठेवायचे नाहीत, पाच मिनिटंही नाही. ६० अंशांच्या वर लिपो न्यायची नसते आणि इथे दुपारी डिकी तिथवर सहज पोचते. वापर नसताना दर सेलला ३.८ व्होल्ट, मातीच्या कुंडीत, स्वयंपाकघरापासून लांब.

काकांनी दुसरं विमान काढलं आहे, मोठं, दीड किलोचं, तारा १९ मीटर. मोटर कोणती असं मी विचारलं नाही. फेरी ५.३ सेकंद, असं त्यांनीच वहीत लिहून दिलं. ५ सेल आणि ११ इंचाचा पंखा घेऊन हिशेब सुरू केला आहे. पहिला पाऊस पडायच्या आत ओढ-चाचणीपर्यंत तरी न्यायचं आहे.